मांजर घरभर शू करतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बोका बंड्या पाच वर्षांचा असताना एका पावसाळ्यात त्याने लिटर बॉक्सकडे, म्हणजे शी-शू करण्यासाठी वाळूसारखे दाणे (लिटर) भरून ठेवलेल्या खोक्याकडे, पाठ फिरवली. आधी आईच्या गोधडीवर, मग सोफ्यावर, मग थेट स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये. वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम चाललं होतं आणि संध्याकाळी नदीकाठावरून ढोल-ताशांचा सराव ऐकू यायचा. पण त्या आवाजाचा आणि ओल्या गोधडीचा काही संबंध असेल असं घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दोन आठवडे आम्ही त्याच्यावर ओरडत राहिलो. मग एका सकाळी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर गुलाबी थेंब दिसला आणि आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. त्याला दोन आठवडे दुखत होतं, आणि आम्ही त्याला रागावत होतो. ते अजूनही मनाला लागून राहिलंय.

तेव्हापासून बिल्डिंगमधले, ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला हेच प्रश्न विचारतात. मी पशुवैद्य नाही. मांजरांबरोबर राहून आणि त्यांच्या डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारून जे शिकले, ते इथे एकत्र लिहिते आहे.

सगळ्यात आधी: ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं, हे कसं ओळखायचं?

बोका असेल आणि तो पुन्हा पुन्हा लिटरमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, पण थेंबभरच शू होतेय किंवा होतच नाहीये, तर उद्याची वाट बघू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे, आतल्या अस्तराचे तुकडे आणि चिकट स्राव यांचा बूच तयार होऊन तो पूर्ण बंद होऊ शकतो. मग लघवी मागे साठते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकतं. रात्र असो, रविवार असो, जिथे डॉक्टर मिळेल तिथे न्यायचं.

लिटरमध्ये बसून ओरडणं, खालची जागा सतत चाटणं, पोटाला हात लावू न देणं, उलट्या, खाणं बंद होणं, कोपऱ्यात मलूल पडून राहणं, ही लक्षणं लक्षात ठेवा. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजतात आणि तेल पाजत बसतात. त्यात हातचे तास जातात. जोर करणारा बोका दिसला की शंका आधी लघवीची घ्यायची. मांजरीला असा पूर्ण अडथळा क्वचित होतो, पण जळजळ आणि रक्त तिलाही होतं, तेव्हा तिलाही त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा.

रागावून, सूड म्हणून मांजर असं करतं का?

नाही. "गावाला गेलो म्हणून डूख धरला", "नवीन सून आवडली नाही म्हणून तिच्याच साडीवर केलं" असं लोक अगदी खात्रीने सांगतात. गावाला गेल्यामुळे आणि नवीन माणूस आल्यामुळे मांजराचं वेळापत्रक, घरातले वास, झोपायच्या जागा बदलतात, हे मात्र खरं. आणि मांजर त्याने हादरतं. घाबरलेलं मांजर स्वतःचा वास पसरून घर पुन्हा ओळखीचं करू बघतं, किंवा त्याच्या मूत्राशयालाच सूज येते आणि लिटरपर्यंत पोहोचायला दम निघत नाही. दोन्हींत तुम्हाला धडा शिकवायचा हेतू नसतो.

म्हणून नाक शूमध्ये घासणं, चापट मारणं, बाथरूममध्ये कोंडणं हे आजच बंद करा. ताणामुळे सुरू झालेल्या त्रासात आणखी ताण घातला की तो वाढतोच. शिवाय मांजर एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही. मग ते कपाटामागे करतं, आणि तुम्हाला आठवडाभर कळतही नाही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं, काहीच निघालं नाही. मग हे आजारपण आहे की स्वभाव?

बहुतेक घरांत गोंधळ नेमका इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहा वर्षांखालची जी मांजरं लघवीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांमध्ये ना जंतू सापडतात, ना मोठा खडा. मूत्राशय सुजलेलं असतं, लघवीत रक्त असतं, दुखत असतं, पण कारण हाती लागत नाही. याला डॉक्टर 'इडिओपॅथिक सिस्टायटिस' म्हणतात, म्हणजे कारण न सापडलेली मूत्राशयाची सूज. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या मांजरांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामातून दिसलं की दोष एकट्या मूत्राशयात नसतो. या मांजरांची ताण झेलणारी यंत्रणाच फार हळवी असते. घरात काही बिनसलं की मेंदूकडून येणारे संदेश मूत्राशयाच्या अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तिथे जळजळ सुरू होते. २०११ साली त्यांनी या सगळ्या प्रकाराला 'पँडोरा सिंड्रोम' असं नाव सुचवलं (ग्रीक कथेतल्या पँडोराच्या पेटीतून अनेक संकटं बाहेर पडतात, त्यावरून), कारण अशा मांजरांना पोटाचे, कातडीचे त्रासही सोबत असतात.

तेव्हा "काही निघालं नाही" याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा होत नाही. दुखणं खरं असतं. त्याचा झटका पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो, आणि म्हणूनच मधे जे औषध दिलं त्याला श्रेय मिळतं. घरातलं कारण तसंच राहिलं तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

एक इशारा. तपासणी न करता "ताण असेल" असं आपणच ठरवून टाकू नका. वयस्कर मांजराला मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर त्याला लघवीच जास्त होते. सांधे दुखत असतील तर बॉक्सच्या उंच कडेवरून आत जाणं जमत नाही. ही मांजरंही घरभर शू करतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे असतात.

फ्लॅटमध्ये आरामात राहणाऱ्या मांजराला ताण कसला?

खायला वेळेवर, झोपायला सोफा, मग कसला ताण, हे मला सासूबाईंनीही विचारलं होतं. मांजराचा पूर्वज हा आफ्रिकेचा, पश्चिम आशियाचा रानमांजर. एकट्याने शिकार करणारा, आणि स्वतःपेक्षा मोठ्या जनावरांची शिकार होण्याची भीती असलेला. आपल्या हद्दीतली प्रत्येक वस्तू, प्रत्येक वास ओळखीचा असणं हा त्याच्या जगण्याचा आधार. सहाशे चौरस फुटांच्या घरात ही हद्द आपण रोज हलवत असतो. सोफा फिरवतो, रंग काढतो, पेस्ट कंट्रोल करतो, पाहुणे आठ दिवस राहून जातात, बाळ येतं, कुणी नोकरीसाठी बंगळुरूला जातं.

आणि जे आपल्याला दिसत नाही ते वेगळंच. खिडकीबाहेर रोज रात्री येऊन बसणारा परका बोका. शेजारच्यांचं नवं कुत्रं. जेवणाचा वाडगा आणि लिटर एकाच कोपऱ्यात. लपायला जागा नसणं. दिवसभर करण्यासारखं काही नसणं हाही ताणच, आणि बंद फ्लॅटमधल्या मांजरांत तो फार आढळतो.

एक वही करा. शू कुठे झाली, किती वाजता, आदल्या दिवशी घरात काय घडलं. दोन आठवड्यांत पुष्कळदा धागा सापडतो. आमच्या वहीत सगळ्या नोंदी वरचं ड्रिलिंग सुरू झाल्यानंतरच्या दोन तासांतल्या होत्या.

शू करणं आणि फवारा मारणं यात फरक कसा ओळखायचा?

फवारा मारताना मांजर उभं असतं. शेपूट ताठ वर, तिचं टोक थरथरतं, पाठ भिंतीकडे किंवा पडद्याकडे, आणि थोडीशी लघवी उभ्या पृष्ठभागावर उडते. दाराची चौकट, चपलांचं कपाट, खिडकीखालची भिंत, लॅपटॉपची बॅग. हा वासाने लिहिलेला निरोप असतो. शू करताना मांजर खाली बसतं, आणि जमिनीवर किंवा गादीवर मोठं ओलं वर्तुळ उमटतं. बसून थेंबथेंब आणि अनेक ठिकाणी असेल तर जळजळीची शंका घ्या. फवारे दारं-खिडक्यांभोवती असतील तर बहुधा बाहेरच्या मांजराचं दडपण आहे. मांजरीही फवारा मारतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

नसबंदी केली तर थांबेल का?

फवारा असेल आणि बोक्याची नसबंदी झालेली नसेल, तर आधी तेच करा. नसबंदी केलेल्या बोक्यांपैकी साधारण दहातला एकच फवारा मारत राहतो, मांजरींमध्ये वीसातली एक. लगेच दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही, शरीरातले संप्रेरक उतरायला काही आठवडे लागतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात, सवय लागायच्या आधी केली तर उत्तम. "एकदा पिल्लं होऊ देत मग करू" याला मांजरीच्या आरोग्याच्या दृष्टीने काही आधार नाही.

मूत्राशयाच्या जळजळीवर मात्र नसबंदी हा उपाय नव्हे.

लिटर बॉक्स आहे, स्वच्छही आहे, तरी त्यात का जात नाही?

तो कुठे ठेवलाय? आपल्याकडे त्याची ठरलेली जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनशेजारी. मांजर आत बसलंय आणि मशीनने गरगर सुरू केली, एवढं एकदाच घडलं तरी त्या कोपऱ्याची धास्ती बसते. बाथरूममध्ये ठेवला तर फरशी ओली, आणि कुणी आंघोळीला गेलं की दार बंद. बॉक्स अशा ठिकाणी हवा जिथे वर्दळ कमी आहे, दार कायम उघडं आहे आणि मांजराला दोन्ही बाजूंनी निसटता येतं.

आकार हा दुसरा घोटाळा. दुकानात मिळणारे झाकणवाले गोंडस बॉक्स मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट जागा लागते. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा खोका घ्या, एक बाजू कापून खाली करा, कडा घासून घ्या. माझ्या घरी गेली सहा वर्षं हेच चाललंय. झाकण नको, आत वास कोंडतो आणि मांजराला बाहेरचं दिसत नाही.

लॅव्हेंडरच्या, कॉफीच्या वासाचं लिटर आपल्या नाकासाठी बनवलेलं असतं. बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळा होणारं लिटर बहुतेक मांजरांना आवडतं. दोन इंच थर द्या. दिवसातून दोनदा गोळे काढा. पावसाळ्यात लिटर दमट होऊन चिखल होतो, तेव्हा थोडं थोडं भरा आणि लवकर बदला. ब्रँड बदलायचा असेल तर जुना बॉक्स तसाच ठेवून शेजारी नव्या लिटरचा दुसरा बॉक्स ठेवा आणि मांजराला निवडू द्या.

किती बॉक्स? जितकी मांजरं त्याहून एक जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. तीन बॉक्स ओळीने मांडले तर मांजराच्या हिशेबी तो एकच बॉक्स.

फिनाईलने पुसलं, डेटॉल टाकलं, तरी तिथेच करतं. काय चुकतंय?

फिनाईल आधी मोरीतून उचलून बंद कपाटात ठेवा. मांजराच्या यकृतात फिनॉल जातीची रसायनं निकामी करण्याची क्षमता फार कमी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. काळं फिनाईल, पाइन तेलाचं पांढरं फिनाईल, डेटॉल, डांबराच्या गोळ्या, तीव्र सुगंधी तेलं, यातलं काहीही मांजराच्या घरात नको. ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की घातक वायू तयार होतो.

वास जात नाही कारण लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही. फरशी वाळली की आपल्या नाकाला काही जाणवत नाही, पण मांजराला जाणवतं, आणि दमट हवेत तर आपल्यालाही पुन्हा येतो. त्यासाठी एन्झाइम असलेला क्लीनर घ्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. आधी जुन्या सुती फडक्याने दाबून ओल टिपून घ्या, चोळू नका. साध्या पाण्याने पुसा. मग क्लीनर अगदी भरपूर ओता, शू जितकी खोल मुरली असेल तितका तो मुरला पाहिजे. बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ठेवा, आणि आपोआप वाळू द्या. आधी फिनाईल वगैरे वापरलं असेल तर ते पाण्याने पूर्ण धुऊन काढा, नाहीतर एन्झाइम काम करत नाहीत.

व्हिनेगरचं पाणी तात्पुरतं चालतं, पण शहाबादी, कडाप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर नको. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची चकाकी जाते. जुने डाग शोधायला रात्री दिवे बंद करून अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी फिरवा. दरवाजामागे, सोफ्याखाली काय काय चमकेल त्याला मनाची तयारी ठेवा.

गादीवरच का?

मऊ असते, लघवी लगेच शोषून घेते, उंचावर असते, आणि तिला तुमचा वास असतो. दुखणाऱ्या, घाबरलेल्या मांजराला हे सगळं सुरक्षित वाटतं. गादीवर जलरोधक कव्हर घाला आणि काही आठवडे झोपायच्या खोलीचं दार दिवसा बंद ठेवा, त्याच वेळी दाराबाहेर एक जादा बॉक्स ठेवा. कापसाच्या गादीत खोलवर मुरलं असेल तर कापूस बदलून घेणंच बरं. तो वास वरवरच्या उपायांनी निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पाणी जास्त कसं प्यायला लावायचं?

जळजळ असलेल्या मांजराची लघवी पातळ होणं फार महत्त्वाचं. कोरड्या खाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या पाकिटांत पाऊणच्या वर. म्हणून सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हळूहळू ओल्या खाण्याकडे वळणं आणि त्यातही दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवणं. चिकन नुसतं पाण्यात उकडून त्याचं पाणी द्या. मीठ, कांदा, लसूण यातलं काहीही घालू नका, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. पाण्याचे वाडगे रुंद, काठोकाठ भरलेले, घरात दोन-तीन ठिकाणी आणि जेवणापासून लांब. दूध हे पाण्याला पर्याय नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.

दोन मांजरं आहेत. भांडत तर नाहीत.

मांजरांचं भांडण बरेचदा आवाजाशिवाय चालतं. एक पॅसेजमध्ये आडवं पसरतं, दुसरं लांबूनच परत फिरतं. एक टक लावून बघतं, दुसरं जेवण सोडून उठतं. लिटरकडे जायचा रस्ता असा अडवला गेला की दुसऱ्याला सोफ्यामागचा कोपराच उरतो. खाणं, पाणी, लिटर, झोपायच्या उंच जागा, सगळं दोन वेगळ्या टोकांना मांडा. दोघांची जेवणं एकमेकांना न दिसता झाली पाहिजेत. फार बिघडलं असेल तर काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून, एकमेकांच्या अंगावरून फिरवलेल्या रुमालांची अदलाबदल करत, नव्याने ओळख करून द्यावी लागते.

खिडकीबाहेरच्या बोक्यासाठी काचेच्या खालच्या भागावर धूसर कागद चिकटवा, आणि त्याच्या नसबंदीची सोय करता आली तर जरूर करा. त्याचंही भलं होईल.

गणपती आणि दिवाळीत काय करायचं?

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. घरातली सगळ्यात आतली खोली निवडा, तिथे कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून जुनी चादर अंथरा, लिटर आणि पाणी आत ठेवा. फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू. लपलेल्या मांजराला बाहेर ओढू नका, मांडीवर जबरदस्तीने घेऊ नका. लपता येणं हाच त्याचा उतारा असतो. दरवर्षी त्रास होत असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला, गॅबापेंटिनसारखं भीती कमी करणारं औषध ते वजन बघून देऊ शकतात.

औषधं, डिफ्युझर यांचा उपयोग होतो का?

दुखण्याचं औषध झटक्याच्या दिवसांत नक्की लागतं, पण ते डॉक्टरांनी दिलेलंच. घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीने जीव जाऊ शकतो. 'फेलिवे'सारखे प्लगला लावून गंध पसरवणारे डिफ्युझर मांजर गाल घासून जो खुणेचा गंध सोडतं त्याची नक्कल करतात. काही घरांत फरक पडतो, काहींत नाही. बाकी बदल न करता नुसता प्लग लावून भागेल अशी आशा ठेवू नका. वारंवार होणाऱ्या त्रासात डॉक्टर फ्लुओक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही ताण कमी करणारी औषधं सुरू करतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती मनाने बंद करायची नसतात.

घरात सून गरोदर आहे. मांजराच्या शूमुळे बाळाला धोका?

ज्या टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची भीती असते, तो मांजराच्या शीतून पसरतो, शूमधून नाही. शीतही तो बाहेर पडल्यावर किमान एक दिवस उलटल्यावरच संसर्ग करण्याइतका तयार होतो. म्हणून बॉक्स रोज साफ करायचा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. घरातल्यांनीही अर्धवट शिजलेलं मटण टाळायचं, भाज्या नीट धुवायच्या, संसर्ग त्या वाटेनेही येतो. बाकी आपल्या डॉक्टरांशी बोला. मांजर घालवून द्यायची गरज नसते.

घरचे म्हणतात, मासळी बाजारात सोडून या.

"तिथे खायला मिळेल" हे ऐकून मला दरवेळी कसंतरी होतं. फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर तिथल्या बोक्यांच्या हद्दीत टिकत नाही. त्यातून याचं मूत्राशय आधीच सुजलेलं. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे. घरातली माणसं थकलेली असतात, रोज गादी धुऊन कुणीही थकेल, ते मला समजतं. अशा वेळी मांजराला दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवा. फरशी पुसता येईल अशी खोली, दोन बॉक्स, खिडकी, बसायला उंच जागा, आणि दिवसातून तीन-चार वेळा तुमचं जाऊन बसणं. बाकी घराला उसंत मिळते आणि मांजरालाही.

किती दिवसांत बरं होईल?

झटका आठवड्यात ओसरतो, सवय मोडायला महिना-दोन महिने. अशी मांजरं आयुष्यभर हळवीच राहतात. बंड्या आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या सहा वर्षांत त्याला तीनदा पुन्हा त्रास झाला, पण दर वेळी दुसऱ्याच दिवशी आमच्या लक्षात आलं.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं?

वही. लिटरमध्ये जोर करतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ. काय खातो, किती पाणी पितो, याची माहिती. लघवीचा नमुना मिळाला तर स्वच्छ बाटलीत, काही तासांच्या आतला. नाही मिळाला तर डॉक्टर बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतात, त्याला घाबरू नका. पिंजरा दोन दिवस आधीच बाहेर काढून त्यात त्याची आवडती चादर टाकून ठेवा. जाताना वरून टॉवेल झाका आणि रिक्षात पिंजरा मांडीवर घ्या, खाली पायाशी ठेवू नका.